एकसष्टचे उत्तर : १,७६,६३,१९,०४९

मोठ्या संख्यांच्या बातम्या अधूनमधून येतात आणि त्या बहुधा अंकांच्या लांबीवरच थांबतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये तोवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या सापडली. तिचे अंक भरले ४,१०,२४,३२०. एवढी लांब संख्या कुणी वाचू शकत नाही. तिच्यापुढे १,७६,६३,१९,०४९ ही संख्या अगदीच किरकोळ वाटेल. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. अवघे दहा अंक, मोबाइल क्रमांकाइतके. पण ही संख्या यंत्राने शोधलेली नाही. इ.स. ११५० मध्ये भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात ती एका प्रश्नाचे उत्तर म्हणून आली. तो प्रश्न शाळकरी मुलाला सांगता येईल इतका साधा आहे.

प्रश्न असा : कोणत्या पूर्ण संख्येचा वर्ग करून त्याला ६१ ने गुणले आणि त्यात १ मिळवला, तर येणारी संख्याही पूर्ण वर्ग असेल?

शून्य घेतले तर उत्तर लगेच मिळते, पण त्यात काही हाती लागत नाही. १ घेतल्यास ६२ येतात. तो वर्ग नव्हे. २ घेतल्यास २४५, तोही नव्हे. ३ घेतल्यास ५५०, तोही नव्हे. असे एकेक करत गेल्यास पहिले यश २२,६१,५३,९८० या संख्येपाशी येते. दर मिनिटाला एक संख्या तपासली आणि रात्रंदिवस कधीही थांबले नाही, तरी तिथे पोहोचायला सुमारे ४३० वर्षे लागतील. त्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला, की जो पूर्ण वर्ग तयार होतो, त्याचे वर्गमूळ म्हणजे १,७६,६३,१९,०४९.

यातली नवलाची गोष्ट शेजाऱ्यांकडे पाहिल्यावर कळते. ६१ ऐवजी ६० घेतले, तर ४ या संख्येवरच काम भागते : ४ चा वर्ग १६, सोळा साठे ९६०, त्यात १ मिळवून ९६१, आणि ९६१ हा ३१ चा वर्ग. ६२ घेतले तर ८ पुरतात : ६४ × ६२ = ३९६८, अधिक १ म्हणजे ३९६९, आणि तो ६३ चा वर्ग. ६३ घेतले तर १ नेच भागते : ६३ अधिक १ म्हणजे ६४. साठ, बासष्ट, त्रेसष्ट यांची उत्तरे तोंडी सांगता येतात आणि मधल्या एकसष्टला मात्र कोटींच्या घरात जावे लागते. प्रश्न तोच, शब्द तेच, बदलला तो एकच आकडा. मग उत्तरात हा डोंगर कुठून उभा राहिला?

या प्रश्नाला भारतीय गणितात ‘वर्गप्रकृती’ असे नाव आहे. ज्या संख्येने गुणायचे ती ‘प्रकृती’; इथे ती ६१. जिचा वर्ग करून गुणायचे ते ‘कनिष्ठ मूळ’, उत्तराचे वर्गमूळ ते ‘ज्येष्ठ मूळ’, आणि जी मिळवायची किंवा वजा करायची ती ‘क्षेप’. थोडक्यात, प्रकृती गुणिले कनिष्ठाचा वर्ग, अधिक क्षेप, बरोबर ज्येष्ठाचा वर्ग. मूळ प्रश्नात क्षेप १ हवा आहे.

राजस्थानातील आजच्या भीनमाळशी ज्यांचे नाव जोडले जाते, त्या ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ च्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात या विषयाचा पाया घातला. क्षेप १ लगेच मिळत नसेल, तर जो क्षेप सहज मिळेल तो घ्यावा आणि दोन अपुऱ्या उत्तरांच्या संयोगातून तिसरे उत्तर घडवावे, ही त्यांची दृष्टी. या संयोगाला ‘भावना’ म्हणतात. दोन जोड्यांतील कनिष्ठ आणि ज्येष्ठ यांचे तिरपे गुणाकार करून बेरीज घेतली की नवे कनिष्ठ मिळते. या तिरप्या गुणाकाराला ‘वज्राभ्यास’ असे सुंदर नाव आहे. दोन्ही ज्येष्ठांच्या गुणाकारात दोन्ही कनिष्ठांचा प्रकृतीने गुणलेला गुणाकार मिळवला की नवे ज्येष्ठ मिळते. आणि नवा क्षेप हा जुन्या दोन क्षेपांचा गुणाकार असतो. हे शेवटचे वाक्य सगळ्यांत मोलाचे. कारण त्यामुळे क्षेपावर ताबा ठेवता येतो.

याच प्रकारातला ९२ चा प्रश्न जो वर्षभरात सोडवील तो गणिती, असे ब्रह्मगुप्तांनी म्हटले होते. त्याचे उत्तर कनिष्ठ १२० आणि ज्येष्ठ ११५१. मात्र केवळ भावनेने प्रत्येक प्रकृती वश होत नाही. भावनेत क्षेपांचा गुणाकार होतो, त्यामुळे क्षेप वाढत जातो. तो पुन्हा लहान करण्याची युक्ती हवी होती. ती युक्ती म्हणजे ‘चक्रवाल’. भास्कराचार्यांच्या ग्रंथामुळे ती प्रसिद्ध झाली, पण तिचा उगम त्यांच्याही आधीचा आहे. इ.स. १०७३ मधील उदयदिवाकरांच्या ‘सुंदरी’ या टीकेत आचार्य जयदेव यांचे श्लोक उद्धृत केलेले आहेत आणि त्यांत चक्रवालाची रीत आहे. लखनौचे गणित-इतिहासकार कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ मध्ये हे अभ्यासकांच्या नजरेस आणले, तेव्हा जयदेवांचे नाव या इतिहासात रुजू झाले. त्यांचा मूळ ग्रंथ हाती नाही. दुसऱ्याच्या टीकेत आलेल्या काही श्लोकांवर एका मोठ्या गणितज्ञाची सारी कीर्ती उभी आहे.

आता प्रत्यक्ष आकडेमोड. वाचकाने कागद-पेन्सिल घेऊन ती सोबत करावी. गुणाकार येतो त्याला हे सगळे येते.

पहिली पायरी. ६१ च्या जवळचा वर्ग ६४. म्हणजे कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३.

दुसरी पायरी, चक्रवालाची. कनिष्ठ १ आणि ज्येष्ठ म्हणून सोयीची एखादी संख्या घेऊन पहिल्या जोडीशी भावना करायची. ती संख्या अशी निवडायची की नवे कनिष्ठ जुन्या क्षेपाने, म्हणजे ३ ने, निःशेष भागले जावे आणि तिचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असावा. इथे ७ ही संख्या बसते : ७ अधिक ८ म्हणजे १५, त्याला ३ ने भाग जातो, आणि ७ चा वर्ग ४९ हा ६१ पेक्षा १२ ने कमी, म्हणून तिचा क्षेप उणे १२. भावना केल्यावर कनिष्ठ १५, ज्येष्ठ ५६ अधिक ६१ म्हणजे ११७, आणि क्षेप ३ गुणिले उणे १२ म्हणजे उणे ३६. कनिष्ठ आणि ज्येष्ठ यांना ३ ने भागले की क्षेप ९ ने भागला जातो. हाती येते : कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९, क्षेप उणे ४. पडताळा सोपा आहे : २५ × ६१ = १५२५ आणि ३९ चा वर्ग १५२१.

तिसरी पायरी. क्षेप ४ असला की ब्रह्मगुप्तांची जुनी युक्ती कामी येते. सगळे निम्मे करायचे : कनिष्ठ पाच द्वितीयांश, ज्येष्ठ एकोणचाळीस द्वितीयांश, क्षेप उणे १. अपूर्णांक आले, पण घाबरण्याचे कारण नाही. या जोडीची स्वतःशीच भावना केली की कनिष्ठ १९५ द्वितीयांश, ज्येष्ठ १५२३ द्वितीयांश आणि क्षेप अधिक १. उत्तर जवळजवळ हाती आले, फक्त पूर्णांकात नाही. म्हणून या नव्या जोडीची निम्म्या केलेल्या जोडीशी पुन्हा भावना. अपूर्णांक गळून पडतात : कनिष्ठ ३८०५, ज्येष्ठ २९,७१८, क्षेप उणे १.

चौथी आणि शेवटची पायरी. क्षेप उणे १ आहे. त्याचा स्वतःशी गुणाकार अधिक १. म्हणून या जोडीची स्वतःशी भावना. कनिष्ठ : २ × २९,७१८ × ३८०५, म्हणजे २२,६१,५३,९८०. ज्येष्ठ : १,७६,६३,१९,०४९.

चारशे तीस वर्षांचे काम एका कागदावर, अर्ध्या तासात संपते.

या वाटेने उत्तराकडे आले की त्या दहा अंकी संख्येचे रूपही उलगडते. शेवटच्या पायरीत ज्येष्ठ मूळ दोन तुकड्यांच्या बेरजेतून आले. एक तुकडा २९,७१८ चा वर्ग, म्हणजे ८८,३१,५९,५२४. दुसरा तुकडा ३८०५ च्या वर्गाची ६१ पट, म्हणजे ८८,३१,५९,५२५. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. त्यांच्यात फरक फक्त १ चा. लागोपाठच्या दोन संख्या. पहिली पूर्ण वर्ग, दुसरी एका पूर्ण वर्गाची ६१ पट, आणि त्यांची बेरीज म्हणजे आपले उत्तर. लागोपाठच्या संख्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसतो, म्हणून त्यांच्या अवयवांचीही सरमिसळ होत नाही : २९,७१८ मध्ये २, ३, ३, १३ आणि १२७ हे मूळ अवयव आहेत, ३८०५ मध्ये ५ आणि ७६१. वरवर ओबडधोबड वाटणाऱ्या संख्येच्या आत एवढी घट्ट वीण आहे.

तिचा आणखी एक गुण व्यवहाराच्या जवळचा आहे. ज्येष्ठाला कनिष्ठाने भागले की ६१ च्या वर्गमुळाचे आसन्न मूल्य मिळते, आणि ते पहिल्या सतरा दशांश स्थळांपर्यंत बरोबर येते : ७.८१०२४९६७५९०६६५४३९. अपरिमेय वर्गमूळ पूर्णांकांच्या भागाकाराने कधीच नेमके मिळत नाही, पण किती जवळ जाता येते हे या दोन संख्या दाखवतात.

आता डोंगराचे कोडे. वरच्या पायऱ्या बीजगणिताच्या भाषेत सांगायच्या तर खरा गाभा एकच आहे : ३९ आणि ६१ च्या वर्गमुळाची पाचपट, या दोहोंच्या बेरजेचे निम्मे. ही राशी साधारण ३९.०३ भरते. पूर्णांकात येण्यासाठी तिचा घन करावा लागला, कारण त्याआधी दोनचा छेद सुटत नव्हता. मग क्षेपाचे चिन्ह पालटण्यासाठी त्या घनाचा वर्ग करावा लागला, कारण तोवर क्षेप उणे १ होता. तीन दुणे सहा, म्हणजे ३९.०३ च्या आसपासची राशी स्वतःशी सहा वेळा गुणली गेली. दहा अंक त्या गुणाकारातून आले. साठ, बासष्ट आणि त्रेसष्ट यांना असे काही करावे लागत नाही. बासष्टचे पाहावे : ८ चा वर्ग ६२ पेक्षा २ ने जास्त, त्या जोडीची स्वतःशी एकदा भावना केली आणि निम्मे केले की काम संपले.

उणे १ चा हा टप्पा प्रत्येक प्रकृतीच्या वाट्याला येत नाही. भास्कराचार्यांनी ६१ बरोबरच ६७ चाही प्रश्न मांडला होता; त्याचे उत्तर कनिष्ठ ५९६७ आणि ज्येष्ठ ४८,८४२. तिथे क्षेप उणे १ कधीच येऊ शकत नाही, आणि कारण दोन ओळींत सांगता येते. कोणत्याही पूर्ण वर्गाला ४ ने भागले की बाकी ० किंवा १ उरते. पण ६७ पट वर्गातून १ वजा केला की बाकी ३ किंवा २ उरते. दोहोंचा मेळ बसत नाही. कोणत्या प्रकृतींना हा उणे १ लाभतो आणि अशा प्रकृतींचे प्रमाण किती, हा प्रश्न दीर्घकाळ खुला होता. पीटर कोयमान्स आणि कार्लो पागानो यांनी २०२२ मध्ये त्या प्रमाणाविषयीच्या एका प्रसिद्ध अनुमानाची सिद्धता मांडली. सातव्या शतकात ज्यावर विचार सुरू झाला, तो विषय एकविसाव्या शतकातही शिळा झालेला नाही.

भास्कराचार्यांनंतर पाचशे सात वर्षांनी, १६५७ मध्ये, फ्रान्समध्ये फेर्मा यांनी हाच प्रश्न तिथल्या गणितज्ञांपुढे ठेवला, आणि उदाहरणादाखल त्यांनीही ६१ निवडला. दोघेही त्या आकड्यावर येऊन थांबले यात गूढ काही नाही; ज्याला हा प्रश्न आतून कळला त्याला ६१ ची खोडी दिसणारच. इंग्लंडमध्ये ब्राउंकर यांनी सोडवण्याची रीत काढली. पुढे ऑयलर यांच्या गैरसमजामुळे या समीकरणाला पेल यांचे नाव चिकटले आणि पाठ्यपुस्तकांत ते आजही ‘पेलचे समीकरण’ म्हणून येते. भास्कराचार्यांच्या बीजगणिताचा कोलब्रुक यांनी संस्कृतावरून केलेला इंग्रजी अनुवाद १८१७ मध्ये प्रसिद्ध झाला, तोवर नाव रुळून गेले होते.

राष्ट्रीय गणित दिन जवळ आला की दोन प्रकारचे संदेश फिरू लागतात. एक म्हणतो, आपल्या पूर्वजांना सगळेच ठाऊक होते. दुसरा त्याची टर उडवतो. या संख्येच्या बाबतीत दोन्ही संदेश अपुरे पडतात. टर उडवणाऱ्याने वरच्या चार पायऱ्या करून पाहाव्यात. बाराव्या शतकात त्या लिहिल्या गेल्या आणि त्यात एकही आकडा चुकलेला नाही. सगळेच ठाऊक होते म्हणणाऱ्यानेही एक प्रश्न स्वतःला विचारावा : चक्रवाल प्रत्येक प्रकृतीला लागू पडतेच, मध्येच कधी अडकत नाही, हे कशावरून? उदाहरणे कितीही सुटली तरी पुढचे उदाहरण सुटेलच याची हमी मिळत नाही. हमी सिद्धतेतून मिळते, आणि भास्कराचार्यांच्या ग्रंथात तशी सिद्धता नाही. वर्ग नसलेल्या प्रत्येक प्रकृतीसाठी उत्तर असतेच, हे अठराव्या शतकात लाग्रांज यांनी सिद्ध केले. आणि चक्रवालाची रीत नेहमी उत्तरापर्यंत पोहोचतेच, याची सिद्धता १९२९ च्या सुमारास म्हैसूरचे गणिताचे प्राध्यापक ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी दिली. कवी आणि अनुवादक ए. के. रामानुजन यांचे ते वडील. आपल्या परंपरेतील रीत त्यांनी नुसती मिरवली नाही. तिला आधुनिक गणिताच्या कसोटीवर घासले आणि ती उतरली. भीनमाळचे ब्रह्मगुप्त, टीकेत उरलेले जयदेव, भास्कराचार्य, लखनौचे शुक्ल आणि म्हैसूरचे अय्यंगार अशी ही साखळी भारतभर आणि तेराशे वर्षे पसरलेली आहे. तिच्यातील एका कडीचा गौरव करताना दुसरी विसरली, तर साखळीच तुटते.

महाराष्ट्रात या साखळीचा एक दगडी पुरावाही आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला आणि त्याला दान मिळाले, असे तो लेख सांगतो. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. नातवाने आजोबांच्या स्मरणार्थ केले काय, तर पुढच्या पोरांना गणित शिकता यावे अशी व्यवस्था.

या जुन्या प्रश्नाचा धागा आजच्या बातम्यांपर्यंतही येतो. प्रकृती मोठी झाली की उत्तर इतके लांब होते की ते नुसते लिहून काढणेही अशक्य ठरावे. आणि साध्या संगणकावर ते आटोपशीर वेळात शोधण्याची रीत आजही उपलब्ध नाही. या अवघडपणावर विसंबून गुप्त संदेशांची एक पद्धतही १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुचवली गेली. पण २००२ मध्ये शॉन हॉलग्रेन यांनी दाखवून दिले की पुरेसा सक्षम क्वांटम संगणक हे समीकरण झटपट सोडवू शकेल. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०३०–३१ पर्यंतच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला ६००३.६५ कोटी रुपयांची मंजुरी दिली. तसे संगणक बांधण्याचे आणि त्यांच्यापुढे टिकतील अशी कुलुपे घडवण्याचे काम आता देशातील प्रयोगशाळांतून चालणार आहे. त्या कामाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ६१ चा प्रश्न एक गोष्ट लवकर शिकवून जातो : प्रश्नाचे शब्द लहान असले म्हणून उत्तर लहान असेलच असे नाही, आणि उत्तर अवाढव्य असले म्हणून वाट लांब असेलच असेही नाही.

१,७६,६३,१९,०४९ ही संख्या पाठ करून काही साधणार नाही. ती कशी आली हे एकदा हाताने करून पाहिले की मात्र ती पुन्हा केव्हाही काढता येते, आणि तिच्यासारख्या इतरही.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी फेर्मा यांनी ६१ च्या जोडीला दिलेला दुसरा आकडा आहे, १०९. सुरुवातीची जोडी अशी : कनिष्ठ २५, ज्येष्ठ २६१, क्षेप उणे ४. आधी पडताळा घ्यावा, मग निम्मे करावे आणि वरच्याच तीन भावना कराव्यात. ज्येष्ठ मूळ पंधरा अंकी येईल. त्याच्या शेवटी २४९ आले की आकडेमोड जमली असे समजावे.